थिसिसमधलं कच्चं काम कुठे जातं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचे वडील जिन्यात भेटले. मुलगी पीएचडी करतेय आणि ते जरा काळजीतच दिसत होते. म्हणाले, "मॅडम, ती म्हणते थिसिसच्या चॅप्टरमध्येच कोड लिहिलाय. विषय तर शेतमालाचा आहे, मग कोड कशाला? उद्या परीक्षकांनी विचारलं हे काय म्हणून, तर?" मी उभ्या उभ्या पाच मिनिटं सांगायचा प्रयत्न केला पण पाच मिनिटांत मावण्यासारखा हा विषय नाहीये, त्यामुळे तेव्हापासून मनात होतं की एकदा बसून सविस्तर लिहायचं. कारण हाच प्रश्न मला विद्यार्थी विचारतात, त्यांचे गाईड विचारतात, आणि घरच्यांना तर काहीच कळत नाही की पोरगं चार वर्षं नक्की काय करतंय.

मी पुण्यात एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते. माझी स्वतःची पीएचडी कांद्याच्या भावावर होती, त्यामुळे उदाहरणं बरीचशी कांद्याचीच येतील.

आधी गणिताची वही आठवा

शाळेत गणिताच्या पेपरात आपण पानाच्या उजवीकडे एक उभी रेघ मारायचो आणि रेघेपलीकडे कच्चं काम करायचो. गुणाकार, हातचे, भागाकार सगळं तिथे. बाई बजावून सांगायच्या की कच्चं काम खोडू नका, उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे मार्क मिळतात. आणि एखाद्याचं उत्तर बरोबर पण कच्चं काम कोरं असेल तर बाई त्याला उभा करायच्या, कुठून आलं हे म्हणून.

आता पीएचडीचा थिसिस बघा. दोन-अडीचशे पानं, काळं हार्ड बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. आत पन्नास-साठ टेबलं, तीसेक आलेख, आणि मजकुरात जागोजागी आकडे, अमुक टक्के वाढ, तमुक रुपये सरासरी. हे सगळे आकडे उत्तरं आहेत. कच्चं काम कुठेय? ते असतं एका लॅपटॉपवर, एक्सेलच्या आठ-दहा फायलींमध्ये, ज्यांची नावं 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल सरांचं करेक्शन' अशी असतात, आणि त्यातली कुठल्या फाइलमधली कुठली शीट पान ९२ वरच्या टेबलाला गेली हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. शाळेत दहा मार्कांच्या गणिताला जे आपण सोडत नाही ते चार वर्षांच्या संशोधनाला मात्र चालतं, ही गोष्ट मला खरंच टोचते.

चॅप्टरमध्ये कोड लिहायचा म्हणजे ती उजवीकडची रेघ परत आणायची. बाकी सगळे तपशील आहेत.

पान ८७ आणि पान १४३

माझ्याबाबतीत काय झालं ते सांगते, म्हणजे हे का एवढं लागतं ते कळेल.

मार्केट यार्डातल्या भावाची नोंद तीन आकड्यांची असते, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. त्यातून पुण्याच्या गुलटेकडीला कांद्याचा भाव दहा किलोला बोलला जातो आणि लासलगावला क्विंटलला. मी दोन्हीकडचे आठ वर्षांचे रोजचे भाव एक्सेलमध्ये भरले होते, बरेचसे रात्री बसून हाताने. चौथा चॅप्टर गाईडना देऊन झाला आणि मग एके दिवशी लक्षात आलं की सात महिन्यांच्या नोंदीत मी सर्वसाधारणच्या रकान्यात जास्तीत जास्तचा भाव टाकलाय. चूक माझीच. ती मी दुरुस्त केली, चौथ्या चॅप्टरमधलं टेबल नव्याने काढलं, वर्डमध्ये पेस्ट केलं, आणि झालं असं वाटलं.

व्हायवात, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेत, बाहेरून आलेल्या एक्सटर्नल सरांनी शांतपणे दोन पानांवर बोट ठेवलं. "पान ८७ वर भावातला चढउतार १६.९ टक्के लिहिलाय, पान १४३ वर तोच १८.४ आहे. यातला कुठला धरायचा?" मी टेबल बदललं होतं पण पाचव्या चॅप्टरमधल्या एका वाक्यात जुना आकडा तसाच राहिला होता. सारांशात पण जुनाच. आणि खरा प्रश्न पुढेच होता, कारण त्यांनी विचारलं की मग बाकीचे आकडे कुठल्या डेटावरचे आहेत, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मला खात्रीने सांगताच येत नव्हतं. पुढचा दीड महिना मी एकेक आकडा एक्सेलमध्ये शोधत बसले, आणि सात आकड्यांचा उगम मला सापडलाच नाही, ते परत पहिल्यापासून काढावे लागले.

मग चॅप्टरमध्ये कोड म्हणजे नेमकं काय

कोड म्हणजे कॉम्प्युटरला दिलेल्या लेखी सूचना, एवढंच. 'ही फाइल उघड, लासलगावच्या ओळी घे, सर्वसाधारण भावाची महिनावार सरासरी काढ, आलेख काढ.' एक्सेलमध्ये आपण हेच माऊसने करतो, फरक असा की माऊसने केलेलं कुठे लिहिलेलं राहत नाही आणि कोडने केलेलं राहतं.

आता नेहमीच्या पद्धतीत कोड एकीकडे आणि थिसिस दुसरीकडे असतो, मधे कॉपी-पेस्टचा पूल. चुका होतात त्या या पुलावर. नव्या पद्धतीत पूलच काढून टाकायचा. चॅप्टर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा, चार परिच्छेद मजकूर, मग कोडचा एक छोटा तुकडा (याला सगळे चंक म्हणतात, मी पण तेच म्हणेन), परत मजकूर, परत चंक. लिहून झालं की रेंडर करायचं. रेंडर म्हणजे कॉम्प्युटर ती फाइल वरून खाली वाचतो, मजकूर आहे तसा ठेवतो, चंक आला की तो चालवतो आणि त्याच्या जागी निघालेलं टेबल किंवा आलेख बसवतो, आणि शेवटी वर्ड, पीडीएफ किंवा वेबपेज, जे हवं ते बाहेर देतो. वाचणाऱ्याला कोड दाखवायचा की लपवायचा हे एका ओळीत ठरवता येतं, म्हणजे परीक्षकांच्या हातात जाणारी प्रत दिसायला नेहमीच्या थिसिससारखीच असते. जिन्यातल्या काकांना मला हेच सांगायचं होतं, छापील प्रतीत कोड दिसेलच असं नाही.

यातला सगळ्यात कामाचा भाग लोकांना माहीतच नसतो, तो म्हणजे वाक्यातला कोड. खरा कोड रोमन लिपीत असतो, इथे समजायला मराठीत लिहिते:

अभ्यासकाळात लासलगावला कांद्याचा सर्वसाधारण भाव क्विंटलला सरासरी { कांदा फाइलमधल्या सर्वसाधारण रकान्याची सरासरी, पूर्णांकात } रुपये होता.

महिरपी कंसात जे आहे तिथे रेंडर झाल्यावर आकडा येतो. मी आकडा टाइपच केलेला नाही. उद्या डेटात सात महिन्यांची दुरुस्ती झाली तर हे वाक्य, त्याखालचं टेबल, पाचव्या चॅप्टरमधला उल्लेख आणि सारांश, सगळीकडे एकाच वेळी बदल होतो. पान ८७ आणि पान १४३ मध्ये भांडण व्हायला जागाच राहत नाही. माझ्या वेळी हे मला कोणी सांगितलं असतं तर, असं अजून वाटतं, कारण सोय तेव्हा होती.

सोय म्हणजे अगदी जुनी आहे. डोनाल्ड नूथ यांनी १९८४ साली ही कल्पना मांडली की प्रोग्राम माणसाने वाचायच्या निबंधासारखा लिहावा, कोड आणि त्याचं स्पष्टीकरण एकाच जागी. स्टॅटिस्टिक्सवाल्यांसाठी फ्रीडरिश लाइश यांनी २००२ मध्ये स्वीव्ह नावाचं साधन आणलं, आर या आकडेमोडीच्या फुकट प्रोग्रामिंग भाषेसाठी, पण ते लाटेक नावाच्या छपाईच्या किचकट भाषेच्या जंगलातून जायचं त्यामुळे बरेच जण दारातूनच परत गेले. मग यीहुई शिए यांचं निटआर आलं, त्यावर आर मार्कडाऊन, आणि २०२२ पासून क्वार्टो, ज्यात आर आणि पायथन नावाची दुसरी भाषा, दोन्ही चालतं आणि प्रत्येक चॅप्टर वेगळ्या फाइलमध्ये ठेवून शेवटी पूर्ण पुस्तक काढता येतं. क्वार्टो हे नाव छपाईतलं आहे, कागदाच्या दोन घड्या घालून चार पानं करायची ती मापाची पद्धत. पायथनवाले ज्युपिटर नोटबुक वापरतात, म्हणजे मजकूर आणि कोडचे तुकडे एकत्र ठेवायची त्यांची वही, त्याबद्दल पुढे एक इशारा देणार आहे.

भांडारकर संस्थेत हे कागदावर झालंय

कोणाला हे परदेशी खूळ वाटत असेल तर लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती आहे ती एकदा उघडून बघा. १९१९ ला काम सुरू झालं, १९६६ ला पुरं झालं, बाराशेच्या वर हस्तलिखितं तपासली गेली. पानावर वर श्लोक आहे, म्हणजे संपादकांनी ठरवलेला पाठ. आणि त्याच पानाच्या तळाशी बारीक टाइपात पाठभेद, कुठल्या पोथीत हा शब्द वेगळा आहे, कुठल्या पोथीत ही ओळच नाही, प्रत्येक पोथीला एक खूण देऊन. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी काय म्हणते आणि दक्षिणेतली काय म्हणते ते तिथल्या तिथे दिसतं.

प्रमुख संपादक सुखठणकरांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी नुसता निर्णय छापला असता तर काम निम्म्या पानांत झालं असतं. पण त्यांनी निर्णय आणि निर्णयाचा रस्ता एकाच पानावर ठेवला, त्यामुळे आज एखाद्या अभ्यासकाला त्यांचा निर्णय पटला नाही तर त्याला परत काश्मीरपासून केरळपर्यंत पोथ्या शोधत हिंडायला लागत नाही, पानाच्या तळाशी बघून तो स्वतःचा निर्णय घेऊ शकतो. चंक लिहिलेला चॅप्टर म्हणजे माझ्यासाठी हेच, वर श्लोक आणि खाली पाठभेद. जिथे हे झालं त्या गावात आपण थिसिस लिहितो, त्यामुळे आपल्याला हे परकं वाटायचं काही कारण नाही.

पण खरंच एवढ्या चुका होतात का?

होतात, आणि मोठमोठ्या लोकांच्या होतात. २०१० मध्ये कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांचा एक पेपर आला. त्यात होतं की देशाचं सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ एकदम मंदावते, अशा देशांची सरासरी वाढ त्यांनी उणे ०.१ टक्के काढली होती. त्या काळात युरोपात खर्चकपातीची चर्चा जोरात होती आणि हा आकडा नेत्यांच्या तोंडी झाला. पुढे थॉमस हर्न्डन नावाच्या विद्यार्थ्याला, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, वर्गात गृहपाठ म्हणून एखादा छापील पेपर परत करून बघायचा होता. त्याने हा निवडला. जुळेना. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली (हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं), आणि त्याने सरासरीच्या सूत्रावर क्लिक केलं. सूत्र ३० ते ४९ या ओळींऐवजी ३० ते ४४ ओळींवरच लावलं होतं. खालचे पाच देश, ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क, सरासरीतून गळले होते. सगळा फरक त्या सूत्रानेच पडला असं नाही, काही देशांची काही वर्षं धरलेली नव्हती आणि सरासरीला भार देण्याच्या पद्धतीवर पण त्याचा आक्षेप होता, पण हे सगळं दुरुस्त करून त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी २०१३ मध्ये आकडा काढला तो आला अधिक २.२ टक्के.

माझा मुद्दा त्या लेखकांच्या चुकीचा नाहीच, रकाना ओढताना बोट पाच ओळी आधी सुटलं असेल, कोणाचंही सुटेल. मुद्दा हा की पेपर छापून तीन वर्षं झाली तरी ते कोणालाही दिसू शकत नव्हतं, कारण सूत्र पेपरात नव्हतं, एका शीटच्या पोटात होतं.

एक्सेलचे असे प्रकार बरेच आहेत. जनुकांची नावं एक्सेल आपणहून तारखांमध्ये बदलायचं, 'मार्च१' नावाचं जनुक 'एक मार्च' व्हायचं, आणि हे इतक्या पेपरांत झालं की २०२० मध्ये जनुकांना नाव देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलून टाकली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडचे १५,८४१ पेशंट रोजच्या आकडेवारीतून राहून गेले, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नसते.

"मला कोडिंग येत नाही, मी कॉमर्सची आहे"

हे मला आठवड्यातून एकदा ऐकायला मिळतं आणि मी ते अजिबात उडवून लावत नाही, भीती खरी असते. पण थिसिसला लागणारा कोड म्हणजे सॉफ्टवेअर बनवणं नव्हे. फाइल वाचा, ओळी गाळा, गट करा, सरासरी काढा, टेबल, आलेख, एखादं रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध मोजणं). पंधरा-वीस आज्ञांत बहुतेक सामाजिक शास्त्रांचे थिसिस निघतात. ज्यांना एक्सेलमध्ये व्हीलुकअप येतं त्यांना हे येतं, माझ्याकडच्या एका समाजशास्त्राच्या मुलीला पहिलं टेबल काढायला तीन दिवस लागले आणि दुसरं तिने दुपारी जेवणाच्या आत काढलं.

एसपीएसएस, म्हणजे आकडेवारीचं माऊसने चालणारं सॉफ्टवेअर, सोडायचंच नसेल तर निदान एवढं करा. त्यात प्रत्येक खिडकीत ओकेच्या शेजारी 'पेस्ट' नावाचं बटण असतं, वर्षानुवर्षं कोणी त्याला हात लावत नाही. ओकेऐवजी ते दाबा, तुम्ही माऊसने जे निवडलं ते लेखी आज्ञांच्या रूपात एका फाइलमध्ये उतरतं. ती फाइल जपा. तेच तुमचं कच्चं काम.

आणि हो, हल्ली चॅटजीपीटीकडून कोड लिहून घेतात. घ्या, पण प्रत्येक ओळ काय करते हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, कारण व्हायवाला तुम्ही बसणार आहात.

"गाईडना वर्ड फाइल लागते"

ही अडचण खरी आहे आणि यावर पूर्ण उपाय माझ्याकडे नाही. क्वार्टोमधून वर्ड फाइल निघते, विद्यापीठाच्या नमुन्याप्रमाणे मार्जिन, हेडिंग, फॉन्ट ठरवलेली एक वर्ड फाइल त्याला दाखवली की तो तशीच काढून देतो. पण गाईड त्या वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस करून परत पाठवतात, आणि ते बदल मूळ फाइलमध्ये आपल्याला हाताने आणावे लागतात. याला आपोआप रस्ता नाही. माझे विद्यार्थी एका स्क्रीनवर गाईडची वर्ड आणि दुसऱ्यावर मूळ फाइल ठेवून बसतात, एका चॅप्टरला साधारण एक संध्याकाळ जाते. एकच नियम पाळायचा, वर्डमध्ये स्वतः काहीही दुरुस्त करायचं नाही, एक शब्द पण नाही. ज्या दिवशी तुम्ही घाईत वर्डमध्ये एक आकडा बदलला त्या दिवशी परत पान ८७ आणि १४३ सुरू.

मराठीत थिसिस लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. वर्ड आणि वेबपेजमध्ये देवनागरी नीट येते. पीडीएफ काढताना मात्र देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट सांगावं लागतं, मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी चालतात, नाहीतर अक्षरांच्या जागी रिकामी जागा किंवा चौकोन येतात आणि माणूस घाबरून सगळं सोडून देतो. आलेखावरच्या मराठी नावांसाठी पण फॉन्ट वेगळा सांगावा लागतो. दोन ओळींचं काम आहे, फक्त कोणीतरी सांगायला हवं.

"एकदा लिहिलं की कायमचं चालेल ना?"

नाही. आणि याबाबतीत जे लोक घाईने हो म्हणतात त्यांच्यामुळे पुढे भ्रमनिरास होतो.

ज्युपिटरबद्दलचा इशारा इथे. नोटबुकमध्ये तुकडे कुठल्याही क्रमाने चालवता येतात, पाचवा आधी, दुसरा नंतर, मधला पुसून टाकला तरी त्याचा परिणाम मेमरीत राहतो. म्हणजे तुमच्या स्क्रीनवर जे उत्तर दिसतंय ते समोरच्या कोडचं असेलच असं नाही. २०१९ मध्ये एका अभ्यासगटाने गिटहब या, लोक आपला कोड जिथे ठेवतात त्या, वेबसाइटवरच्या सुमारे १४ लाख नोटबुक्स तपासल्या, त्यातल्या ज्या चालवून बघता आल्या त्यापैकी साधारण २४ टक्के विनाअडथळा चालल्या आणि मूळच्यासारखंच उत्तर आलं फक्त ४ टक्क्यांत. म्हणून रोज काम थांबवताना मेमरी पुसून वरून खालपर्यंत एकदा चालवायचं. क्वार्टो रेंडर करताना आर साठी दरवेळी कोऱ्या पाटीवर सुरू करतो, म्हणून मला तो बरा वाटतो.

दुसरं, भाषाच बदलते. कुठे यादृच्छिक निवड असेल, म्हणजे चिठ्ठ्या टाकून नमुना काढणं, तर कोडमध्ये 'सीड' नावाचा एक आकडा देतात म्हणजे दरवेळी त्याच चिठ्ठ्या निघतात. पण आरच्या ३.६.० आवृत्तीत, २०१९ मध्ये, चिठ्ठ्या काढायची आतली पद्धतच सुधारली, त्यामुळे तोच सीड देऊन आधीच्या आणि नंतरच्या आवृत्तीत वेगळा नमुना निघतो. चूक कोणाचीच नाही, आकडा मात्र वेगळा. म्हणून थिसिससोबत आवृत्त्यांची यादी ठेवायची, आरमध्ये रेन्व नावाचं पॅकेज (आरला जोडायची तयार भर) ती यादी स्वतः बनवतं आणि पुढे पॅकेजेसच्या त्याच आवृत्त्या परत बसवून देतं, आरची आवृत्ती मात्र आपल्यालाच बसवावी लागते.

"डेटा गुप्त असेल तर?"

पेशंटचे रेकॉर्ड, बायकांच्या मुलाखती, कर्जाची माहिती, हे कोणालाही द्यायचं नाही, आणि द्यायला कोणी सांगतही नाहीये. कोड उघडा आणि डेटा कुलपात, हे दोन्ही एकत्र नांदतं. नावं काढून टाकायचा कोड वेगळा ठेवा, चॅप्टरने फक्त नावं काढलेली फाइल वाचावी. सोबत खोट्या वीस ओळींची नमुना फाइल ठेवली तर बघणाऱ्याला रस्ता कळतो, माणसं कळत नाहीत.

"आणि कोडच चुकीचा असेल तर?"

तर चुकीचं उत्तर दरवेळी अगदी तंतोतंत तेच येईल. हे मला स्पष्ट सांगायला हवं कारण काही विद्यार्थ्यांना वाटतं की रेंडर झालं म्हणजे बरोबर. मी भाव चुकीच्या रकान्यात भरले होते ना, ते कोडने पण तसेच वाचले असते, एक शब्द न बोलता. फरक दुरुस्तीला पडतो, कारण चूक कुठे आहे ते दाखवता येतं आणि ती एका जागी सुधारली की सगळीकडे सुधारते. मी आता मुलांना सांगते की तपासणी पण कोडमध्येच लिहा, 'सर्वसाधारण भाव जास्तीत जास्तच्या बरोबरीचा सलग दहा दिवस दिसला तर थांब', 'क्विंटलचा भाव शंभरच्या खाली असेल तर तो दहा किलोचा नाही ना ते विचार'. ही एवढी एक ओळ असती तर माझे ते सात महिने पहिल्याच रात्री सापडले असते.

सुरुवात कुठून करायची

अख्खा थिसिस एकदम हलवू नका, मधेच अडकाल. पुढचं जे एक टेबल काढायचंय ते या पद्धतीने काढा. जमलं की तो चॅप्टर.

फोल्डर एकच. त्यात मूळ डेटाची फाइल वेगळी, तिला परत हात लावायचा नाही, एकही खोडाखोड नाही, जशी पोथी. साफसफाईचा कोड वेगळ्या फाइलमध्ये, तो स्वच्छ केलेली फाइल बाजूला लिहून ठेवतो, आणि प्रत्येक चॅप्टर ती स्वच्छ फाइल वाचतो. क्वार्टोच्या पुस्तकात प्रत्येक चॅप्टर वेगळा चालतो, दुसऱ्या चॅप्टरमध्ये काढलेलं काही पाचव्याला आपोआप मिळत नाही, यावर सगळे एकदा तरी अडखळतात. एखादं मॉडेल तासन् तास चालत असेल तर त्याचा निकाल साठवून ठेवायची सोय आहे, नाहीतर स्वल्पविराम सुधारायला पण रात्रभर थांबावं लागेल. आणि गिट (फायलींतले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिका जमलं तर, म्हणजे 'फायनल नवीन' नावाच्या फायली बंद होतील.

सबमिशनच्या आधी मात्र एक परीक्षा प्रत्येकाने द्यावी असं माझं कळकळीचं सांगणं आहे. बाइंडिंगला जायच्या आधी तो फोल्डर मैत्रिणीला द्या, तिच्या लॅपटॉपवर रेंडर करायला सांगा, आणि तुम्ही शेजारी बसून काहीही बोलू नका. सोसायटीतल्या त्या मुलीने गेल्या रविवारी माझ्या लॅपटॉपवर हे केलं. पहिला प्रयत्न दुसऱ्याच ओळीवर अडला, फाइलचा पत्ता तिच्या स्वतःच्या डी ड्राइव्हचा होता. तो दुरुस्त केला. मग एक पॅकेज नव्हतं. ते बसवलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा एकेक चॅप्टर पुढे सरकायला लागला, आम्ही चहा ठेवला, आणि पस्तीस-चाळीस मिनिटांनी पीडीएफ उघडली, पान १ ते २१८. तिने पहिल्यांदा काय केलं तर पान ८७ उघडलं, मग १४३. तिच्या थिसिसमध्ये त्या पानांवर वेगळंच काहीतरी होतं, पण बघितलं तिने.